वल्ह्याला बांधलेला गळ

जॉन ज्युइट हा काही लढवय्या नव्हता. तो होता जहाजावरचा आर्मरर, म्हणजे बंदुका, तलवारी, चाप आणि कुलपं दुरुस्त करणारा लोहार. आपल्या फौजेत हे काम ईएमईचा जवान करतो, आणि कुठल्याही युनिटमध्ये त्याला दुखवून चालत नाही हे आपण सगळे जाणतोच. इंग्लंडमधल्या बोस्टन गावचा हा विशीतला पोरगा, अमेरिकेतल्या बोस्टनहून निघालेल्या ‘बोस्टन’ नावाच्याच जहाजावर चढला आणि मार्च १८०३ मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकुव्हर बेटाच्या नुटका खाडीत पोचला. तिथला राजा होता माक्विना. व्यापार कातड्यांचा, मुख्यतः समुद्री ऊदमांजरांच्या.

कॅप्टन सॉल्टरने माक्विनाला एक दुनळी बंदूक भेट दिली. दोन-चार दिवसांनी राजा ती परत घेऊन आला. एका नळीचा चाप तुटला होता, आणि बंदूक खराब आहे असं त्याने सांगितलं. कॅप्टनने त्याला सगळ्यांसमोर शिव्या घातल्या. राजाला इंग्रजी बरंच कळत होतं, हे कॅप्टनच्या ध्यानात आलं नाही. आधीच्या गोऱ्या खलाशांनी केलेल्या चोऱ्या आणि खून माक्विनाच्या खात्यावर जमा होतेच, त्यात ही भर पडली. २२ मार्चला त्याच्या माणसांनी जहाज ताब्यात घेतलं. सत्तावीस जणांपैकी दोघे वाचले. एक ज्युइट, कारण राजाला हत्यारं घडवणारा लोहार हवा होता. दुसरा शिडं शिवणारा थॉम्प्सन, कारण ज्युइटने तो आपला बाप असल्याचं प्रसंगावधान राखून सांगितलं.

तुटलेल्या चापाबद्दल चार गोड शब्द बोलले असते तर पंचवीस माणसं वाचली असती. असो, आजचा विषय तो नाही.

ज्युइट तिथे सव्वादोन वर्षं गुलाम म्हणून राहिला. दिवसा खंजीर आणि भाले घडवायचा, आणि बोरांच्या रसात कोळशाची पूड उकळून केलेल्या शाईने रोजनिशी लिहायचा. १८१५ साली छापलेल्या त्याच्या पुस्तकात मासेमारीचं एक छोटंसं वर्णन आहे. या लेखाचं निमित्त तेच. तो सांगतो की सकाळच्या वेळी एकेक माणूस लहानशा डोंगीत बसतो, गळाला ताजी छोटी मासळी लावतो आणि दोरीचं दुसरं टोक वल्ह्याच्या दांड्याला बांधतो. मग वल्हं मारत निघतो. प्रत्येक हाताबरोबर आमिष झटका खाऊन पुढे जातं, जिवंत वाटतं, आणि सामन मासा त्यावर झडप घालतो. वल्ह्याच्याच एका हिसक्याने मासा डोंगीत. एका सकाळी एका माणसाने आठ-दहा मासे धरलेले त्याने पाहिले, आणि एकाच वेळी वीस-तीस डोंग्या खाडीत फिरताना पाहिल्या.

हे वाचलं तेव्हा मी पोर्ट ब्लेअरला होतो, अंदमान आणि निकोबार कमांडमध्ये. ही आपली पहिली त्रिदलीय कमांड, २००१ साली उभी राहिली. हिरवे, पांढरे आणि निळे गणवेश एकाच कॅन्टीनच्या रांगेत उभे असतात, त्यामुळे पायदळाच्या माणसालाही समुद्राशी दोस्ती करावीच लागते. कयाक मी पहिल्यांदा चालवली ती खडकवासल्याच्या पीकॉक बेमध्ये, एनडीएत. तिथे पाणी गोड होतं आणि मागे बोंबलणारा इन्स्ट्रक्टर होता. अंदमानात पाणी खारं, आणि बोंबलणारं कोणी नाही. रविवारी पहाटे रीतसर नोंद करून, लाइफ जॅकेट घालून, खाडीच्या तोंडापासून दूर राहून (खाऱ्या पाण्यातल्या मगरींना आपली रँक दिसत नाही) मी आणि एक हवालदारसाहेब दोन कयाक घेऊन प्रवाळाच्या कडेने निघायचो. मागे तीस मीटर तंगूस, पुढे पोलादी तारेचा वीतभर तुकडा, आणि टोकाला पांढऱ्या पिसांचा झुबका बांधलेला गळ. तार का, तर सुरमईचे दात कात्रीसारखे चालतात. काठी नाही, चाकाचं रीळ नाही. तंगूस लाकडाच्या फिरकीवर गुंडाळलेली, आणि दोरीचा एक फेरा मांडीजवळच्या रबरी पट्ट्याखाली. रबर ताणलं की समजायचं, पाहुणा आला.

एक गोष्ट तिथल्या तेलुगू कोळ्यांनी आम्हाला पहिल्याच दिवशी बजावली, आणि ती मी इथे मुद्दाम लिहितो. दोरी कधीही हाताला, मनगटाला किंवा पायाला गुंडाळायची नाही. दहा किलोचा कुपा उलट्या दिशेने सुटला की ओली तंगूस हाडापर्यंत कापते, आणि कयाक ही मुळातच कलंडायला निमित्त शोधणारी गोष्ट. दोरी धरायची ती बोटांच्या पेरांवर, केव्हाही सोडता येईल अशी.

आता ज्युइटने पाहिलेल्या युक्तीकडे या. यंत्राची बोट मागचा गळ एका लयीत ओढते. वल्ह्याची बोट तसं करत नाही. वल्हं पाण्यात गेलं की ती पुढे झेपावते, वल्हं वर आलं की मंदावते. मागचं खोटं आमिषही तसंच पळतं, थबकतं, थोडं बुडतं आणि पुन्हा पळतं. जखमी लहान मासा अगदी असाच पोहतो. म्हणजे वल्हवणाऱ्याची जी अडचण, तिचाच सापळा झाला. कयाकचा वेग ताशी पाच-सहा किलोमीटर. याहून वेगाने पळणाऱ्या आमिषावर झेपावणारे मासे पुष्कळ आहेत, पण सुरमई, तोणकी आणि लहान कुपे यांना या वेगात काही वावगं वाटत नाही. आम्ही एकदा दोरी खरोखरच वल्ह्याला बांधून पाहिली. कयाकच्या दुहेरी पात्याच्या वल्ह्याला ती दोन मिनिटांत अशी गुरफटली की हवालदारसाहेबांनी नुटकाच्या राजाला मराठीत नमस्कार केला. ती युक्ती एका पात्याच्या वल्ह्याची आहे.

खोट्या आमिषाचा इतिहास सांगताना अमेरिकन मंडळी ज्युलिओ ब्यूएलचं नाव घेतात. व्हर्माँटमधल्या तळ्यात जेवताना त्याच्या हातून चमचा पाण्यात पडला, एका माशाने तो गिळताना त्याने पाहिला, आणि त्याने चमच्याला गळ जोडला, अशी कथा. कथा न्यूटनच्या सफरचंदाच्या जातीची आहे, तेवढाच विश्वास ठेवावा. पेटंट मात्र खरं आहे, १८५२ सालचं. पण त्याच्या ऐंशी-पंचाऐंशी वर्षं आधी जेम्स कुकची जहाजं ताहितीला पोचली, तेव्हा तिथल्या लोकांकडे याहून सरस वस्तू होती. मोत्याच्या शिंपल्याचा बोटभर लांब तुकडा, घासून माशाच्या आकाराचा केलेला. त्याला बांधलेलं कासवाच्या कवचाचं किंवा हाडाचं टोक, आणि शेपटीशी केसांचा किंवा पिसांचा छोटा झुबका. आमिष काहीच नाही. शिंपल्याची झळाळी हेच आमिष. न्यूझीलंडचे माओरी लाकडाच्या पट्टीवर निळ्या-हिरव्या पाउआ शिंपल्याचं अस्तर बसवायचे, आणि कधी शेपटीला किवी पक्ष्याची पिसं लावायचे. कुकच्या सफरींत आणलेले असे गळ आजही युरोपातल्या संग्रहालयांत आहेत. खाली चिठ्ठी असते, पण ती वस्तू वल्ह्यामागे पळताना कशी दिसायची ते काचेच्या पेटीतून कळत नाही.

या पॉलिनेशियन गळाला उलटा काटा नव्हता. उलटा काटा म्हणजे टोकामागची ती बारीक कुसळासारखी धार, जी माशाला सुटू देत नाही. कुप्यांचा थवा होडीभोवती पाच-दहा मिनिटंच असतो. एकेक मासा गळातून सोडवत बसलात तर थवा गेला. काटा नसेल तर मासा होडीत आपटताच आपोआप सुटतो आणि गळ पुन्हा पाण्यात जातो. दोरी ताणलेली राहिली की मासा सुटत नाही, ढिली पडली की सुटतो. सारी भिस्त हातावर.

आपल्या लक्षद्वीपमधल्या मिनिकॉयला जा, तिथे हेच दिसेल. मिनिकॉयची भाषा महल, संस्कृती मालदीवची, आणि कुपा धरण्याची पद्धतही मालदीवची. जिवंत लहान मासळी समुद्रात फेकून थवा बोटीजवळ खिळवून ठेवायचा आणि काठीला लावलेल्या बिनकाट्याच्या चकचकीत गळाने एकामागून एक कुपे मागे उडवायचे. इब्न बतूता चौदाव्या शतकात मालदीवला काझी होता, त्यानेही तिथल्या उकडून धुरावलेल्या कुप्याचं वर्णन केलं आहे. शिजवून, धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा कडक केलेला हा मासा महिनोन् महिने टिकतो. मला तो पहिल्यांदा दिला तेव्हा मी दाताने तोडायचा प्रयत्न केला. तो किसून खायचा असतो.

याहून मागे जायचं तर पूर्व तिमोरच्या जेरिमलाई गुहेत जावं लागेल. तिथे माणसांनी खाल्लेल्या कुप्यांसारख्या माशांची सुमारे ४२ हजार वर्षांपूर्वीची हाडं सापडली, आणि १६ ते २३ हजार वर्षांपूर्वीचा शिंपल्याचा गळही. ते मासे खोल समुद्रात धरले की किनाऱ्याजवळ, यावर पुरातत्त्वज्ञांचे वाद आहेत. माझं मत विचाराल तर वाद घालणाऱ्यांनी अंदमानात एक पहाट काढावी. प्रवाळाची भिंत जिथे सरळ खाली जाते, तिथे मोठा कुपा किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर येतो. लहान कुपा तर येतोच येतो.

आता फौजी वाचकांसाठी. ऑक्टोबर १९४२ मध्ये पहिल्या महायुद्धातला अमेरिकेचा नामांकित वैमानिक एडी रिकनबॅकर एका बी-१७ विमानातून प्रशांत महासागरावरून जात होता. विमान वाट चुकलं, इंधन संपलं आणि समुद्रात उतरलं. आठ माणसं, तीन रबरी तराफे. जवळ चार संत्री. गळ होते, दोऱ्या होत्या, पण गळाला लावायला काही नव्हतं. त्यांनी संत्र्याची सालं लावून पाहिली. माशांना संत्र्याशी काय देणंघेणं! आठव्या दिवशी एक समुद्रपक्षी रिकनबॅकरच्या डोक्यावर येऊन बसला. त्याने हळूच हात वर नेऊन त्याला पकडला. पक्षी आठ जणांनी वाटून खाल्ला आणि आतडी गळाला लावली, तेव्हा पहिले मासे मिळाले. तीन आठवड्यांहून अधिक काळ ते समुद्रावर होते. एक जण वाटेत दगावला.

इथे मला नेहमी ज्युइटची डोंगी आठवते. समजा त्या तराफ्यात पिसांचे गळ असते, तरी पूर्ण काम झालं नसतं. खोट्या आमिषाला हालचाल लागते. तराफा वाऱ्याबरोबर वाहत राहतो, आमिष त्याच्याखाली मेल्यासारखं लोंबतं. ते हाताने वरखाली झटकत बसावं लागतं, आणि उपाशी माणसाच्या हातात तेवढं बळ किती दिवस राहणार? जिवंत आमिष नसेल तर वल्हं हवं. हे बेटांवरच्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अटलांटिकमध्ये ‘बेनलोमंड’ हे ब्रिटिश जहाज जर्मन पाणबुडीने बुडवलं. त्यावरचा पून लिम नावाचा चिनी स्ट्युअर्ड एका लाकडी तराफ्यावर एकटा उरला. त्याच्याकडे गळही नव्हता. त्याने टॉर्चमधली स्प्रिंग उलगडून तिचा गळ केला. तागाचा दोर उसवून दोरी वळली. मोठ्या माशासाठी फळीतला खिळा दातांनी उपसून वाकवला. १३३ दिवसांनी, ५ एप्रिल १९४३ ला, ब्राझीलच्या कोळ्यांनी त्याला उचललं, तेव्हा तो स्वतःच्या पायांवर चालत किनाऱ्यावर उतरला. ब्रिटिशांनी त्याला पदक दिलं आणि त्याची कहाणी नौदलाच्या प्रशिक्षणात घेतली. मला विचाराल तर प्रत्येक सर्व्हायव्हल कोर्समध्ये पून लिमवर एक पूर्ण तास हवा. आमच्या वेळी दोन ओळी होत्या.

याच काळात अमेरिकेत गिफर्ड पिंचो या म्हाताऱ्या माजी गव्हर्नराने जीवनौकांमध्ये गळ-दोरीचा संच ठेवावा म्हणून खटपट केली. माणूस मूळचा जंगलखात्याचा, पण आयुष्यभराचा गळवाला. माशाचं कच्चं मांस पिळून निघणारा द्रव पिता येतो हेही त्याने लोकांना पटवलं. युद्धातल्या संचांत मग पिसांचे गळ आले, हातमोजे आले, आणि दोरी हाताला गुंडाळू नका ही सूचनाही आली. जंगलीघाटच्या तेलुगू कोळ्याने मला सांगितली तीच.

कयाक आणि फौज यांचं नातं सांगायचं तर एक लेख पुरणार नाही. डिसेंबर १९४२ मध्ये मेजर हॅस्लरच्या दहा मरीन्सनी पाच कयाकमधून बोर्दो बंदराकडे कूच केलं. त्यांना समुद्रात सोडणाऱ्या पाणबुडीचं नाव ‘ट्यूना’, आणि कयाकची नावं कॅटफिश, क्रेफिश, काँगर, कटलफिश, कोलफिश. म्हणजे सगळी मासळी बाजारातली. दहापैकी दोघे परतले. सप्टेंबर १९४३ मध्ये मेजर लायनच्या सहा जणांनी तीन घडीच्या कयाकमधून सिंगापूर बंदरातल्या जपानी जहाजांना सुरुंग लावले. त्यांना तिथवर नेणारी ‘क्रेट’ ही पूर्वी जपानी मासेमारी बोट होती, आणि तिचं नवं नाव आपल्याकडच्या मण्यार सापाचं. मासेमारी बोट म्हणून तिच्याकडे कोणी पाहिलं नाही, हेच तिचं चिलखत. आणि खुद्द अंदमानात जानेवारी १९४३ मध्ये, जपानी अमलात, पोर्ट ब्लेअरचा पूर्वीचा पोलीस अधिकारी मेजर मॅकार्थी आपल्या माणसांसह डच पाणबुडीतून रात्री उतरला होता. मी ज्या किनाऱ्यांवर रविवारी सुरमई शोधायचो, त्यांच्याच उत्तरेकडे.

युद्धानंतर ही गोष्ट एका जर्मन डॉक्टरने टोकाला नेली. हानेस लिंडेमान, १९५६. कानरी बेटांवरच्या लास पाल्मासहून क्लेपर कंपनीच्या घडीच्या कयाकमध्ये बसून तो एकटा निघाला आणि ७२ दिवसांनी कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिनला लागला. कयाकची लांबी सव्वापाच मीटर, अंगावर रबरी कापडाची कातडी. ती दोनदा उलटली. वाटेत त्याने मासे मारून कच्चे खाल्ले. चार वर्षं आधी फ्रेंच डॉक्टर आलँ बोंबार रबरी होडीतून अटलांटिक ओलांडून गेला होता, आणि थोडं थोडं समुद्राचं पाणी पिऊन जगता येतं असं सांगत होता. लिंडेमानने ते ठामपणे खोडून काढलं. आपल्या ट्रेनिंगमध्ये आज लिंडेमानचंच ऐकतात. जाता जाता, ‘पश्चिमेकडे चालत राहा’ हे वाक्य त्याने निघण्याआधी महिनोन् महिने मनाशी घोकलं होतं. झोपेविना भास होऊ लागले तेव्हा त्याला त्या घोकंपट्टीनेच तारलं. पीटी परेडला आम्ही जे घोकायचो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एक जुना प्रश्न मात्र मला सुटत नाही असं नाही, सुटू द्यावासा वाटत नाही. मद्रास सरकारच्या मत्स्यखात्यात काम केलेला जेम्स हॉर्नेल याने १९२० साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीसाठी भारतीय होड्यांवर मोठा निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं की दक्षिण भारतातल्या काही होड्यांवर पॉलिनेशियन आणि मलाय दर्यावर्द्यांचा ठसा आहे. कोकणातली उलांडीची होडी त्याने पाहिली होती. उलांडी म्हणजे होडीच्या एका बाजूला दोन आडव्या दांड्यांनी बांधलेला तरंगता ओंडका, होडीला कलंडू न देणारा. माझ्या आजोळी, देवगडकडे, मी लहानपणी अशाच होडीत मामाबरोबर गरवायला बसलो आहे, आणि उलांडीवर पाय ठेवला म्हणून ओरडा खाल्ला आहे. हॉर्नेलचा पुरावा मला अपुरा वाटतो. तोच गरजेपोटीचा उपाय दोन ठिकाणी दोघांना सुचू शकतो. पण कार निकोबारला गेलात तर तिथल्या झाडाचं खोड कोरून केलेल्या होडीलाही एकाच बाजूला तसाच ओंडका दिसतो. बेटांवरच्या हिंदीत तिला म्हणतातही ‘होडी’च. मराठी माणूस हे ऐकून दोन मिनिटं तरी गप्प होतो.

२६ डिसेंबर २००४ च्या सुनामीत कार निकोबारच्या किनाऱ्यावरची गावं गेली, हवाई दलाच्या तळावरची माणसं आणि कुटुंबं गेली, आणि किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या गेल्या. मदत म्हणून नंतर यंत्राच्या बोटी आल्या. मदत करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण होडी ही कारखान्यातून येत नाही. योग्य झाड निवडणारा, ते कोरणारा, ओंडका किती अंतरावर बांधायचा ते डोळ्याने ठरवणारा म्हातारा लागतो, आणि अशा म्हाताऱ्यांपैकी किती त्या सकाळी किनाऱ्यावर होते याचा हिशेब मदतीच्या फाइलीत नसतो.

माझी तिथे सरकारी कामाने एक खेप झाली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धक्क्यावरून एक होडी आत येताना पाहिली. साठीचा माणूस, एका पात्याचं वल्हं, मागे दोरी. दोरी पायाच्या अंगठ्याच्या वरून नुसती टेकवलेली, गुंडाळलेली नाही. वल्ह्याच्या प्रत्येक हाताबरोबर अंगठा किंचित मागे-पुढे होत होता. होडीच्या तळाशी दोन तोणक्या आणि हातभर लांबीची एक सुरमई. गळ दाखवाल का, असं मी खुणेने विचारलं. त्याने दाखवला. बाजारातला साधा पोलादी गळ, आणि त्याला बांधलेला चिप्सच्या पाकिटाच्या आतल्या चंदेरी कागदाचा झुबका. काटा कानशीने घासून काढलेला होता.